मूळ गाव ओसियां : कुलनोंदींचा ताळमेळ

महाराष्ट्रात स्थिरावलेल्या ओसवाल घराण्यांत वडीलधाऱ्यांना मूळ स्थान विचारले असता बहुधा एकच उत्तर मिळते : "आपण ओसियांचे." जोधपूरच्या उत्तरेस सुमारे ६५ किलोमीटरवर वसलेले हे गाव प्राचीन लेखांत उपकेशपूर, ऊकेश अशा नावांनी येते आणि त्यावरूनच ज्ञातीस उपकेश वा ओसवाल हे नाव पडले, याविषयी फारसा मतभेद नाही. मतभेद आहे तो काळाविषयी.

उपकेशगच्छाच्या पट्टावलीनुसार आचार्य रत्नप्रभसूरी वीरनिर्वाणानंतर ७० वर्षांनी तेथे आले आणि त्यांच्या उपदेशाने राजा उत्पलदेव व नगरजन यांनी जैन धर्म स्वीकारला. प्रचलित गणनेप्रमाणे हे वर्ष इ. स. पूर्व ४५७ येते. भाटांच्या वह्यांत हीच घटना विक्रम संवत २२२ मध्ये, म्हणजे इ. स. १६५ च्या सुमारास नोंदलेली आढळते. एकाच घटनेच्या दोन नोंदींत सहाशे वर्षांहून अधिक अंतर! पेढीवर एवढी तफावत निघती, तर मुनीमजींची दिवाळी वहीपुढेच गेली असती.

तिसरी नोंद दगडावर आहे. ओसियांच्या महावीर मंदिरातील विक्रम संवत १०१३ (इ. स. ९५६) च्या शिलालेखात प्रतीहार राजा वत्सराज याचा उल्लेख आहे. वत्सराजाचा काळ निश्चित आहे, कारण उद्योतनसूरींनी इ. स. ७७९ मध्ये जालोर येथे त्याच्याच राज्यात 'कुवलयमाला' हा ग्रंथ पूर्ण केला. (बाजारातील मरहट्ट व्यापाऱ्याचे आणि त्याच्या बोलीचे वर्णन असलेला म्हणून मराठी अभ्यासकांना परिचित असलेला ग्रंथ तो हाच.) ओसियांची विद्यमान मंदिरेही आठव्या शतकापासून पुढचीच आहेत. शिवाय उत्पलदेव ज्या परमार कुळातील म्हणून सांगितला जातो, ते कुळ राजवंश म्हणून इतिहासात दिसू लागते नवव्या-दहाव्या शतकात.

यांपैकी कोणती नोंद ग्राह्य धरावी? व्यापारी माणसास याचे उत्तर अवघड वाटू नये. व्यवहार घडला त्याच दिवशी लिहिली जाते ती कीर्द. खतावणी तिच्यावरून मागाहून उतरते. दोहोंत फरक पडला तर कीर्द पाहावी लागते. रत्नप्रभसूरींची कथा ज्या 'नाभिनंदनजिनोद्धारप्रबंधा'त येते, तो कक्कसूरींचा ग्रंथ विक्रम संवत १३९३ (इ. स. १३३६) मधील आहे. श्रद्धेच्या दृष्टीने त्या कथेचे मोल मोठे आहे. परंतु कालनिर्णयापुरती ती खतावणी होय, आणि शिलालेख तिच्यापेक्षा कीर्दीच्या अधिक जवळचा.

शिवाय सर्वच गोत्रे ओसियांहून निघाली, असेही नाही. मुहणोत गोत्राची परंपरा राठोड राव रायपाल याच्या मोहन नामक पुत्रापासून सांगितली जाते. जोधपूरचे दिवाण आणि प्रसिद्ध ख्यातकार मुहणोत नैणसी याच गोत्रातले. भंडारी, कोठारी, मेहता ही नावे तर अधिकारावरून पडलेली. कोठारी हे नाव एकाहून अधिक गोत्रांत आढळते. तेव्हा आडनाव एक म्हणून पूर्वज एक, हे गृहीत धरून जोडलेला वंशवृक्ष पहिल्याच फांदीला चुकण्याचा संभव असतो.

धातुप्रतिमांच्या मागील लेख हे या कामी उत्तम साधन. त्यांत संवत, तिथी, वार, ज्ञाती, कित्येकदा गोत्र, 'सा.' म्हणजे साह, 'भा.' म्हणजे भार्या, 'पु.' म्हणजे पुत्र अशा संक्षेपांनी सारे कुटुंब येते. माता व पत्नी यांची नावेही येतात. असे शेकडो लेख पूरणचंद नाहर यांनी 'जैन लेख संग्रह' या ग्रंथाच्या तीन भागांत प्रसिद्ध केले. मात्र प्रतिमा प्रवास करतात, हे विसरू नये. जीवराज पापडीवाल यांनी संवत १५४८ मध्ये प्रतिष्ठित करविलेल्या प्रतिमा देशभरच्या दिगंबर मंदिरांत पोहोचल्या आहेत. त्या संवतावरून त्या त्या गावच्या मंदिराचे वय काढणे फसवे ठरते.

संवताच्या आकड्यातही गोम आहे. मारवाड दरबारचा संवत श्रावणात बदले, गुजरातचा कार्तिकात, उत्तरेकडील पंचांगांचा चैत्रात. त्यामुळे सरसकट ५७ वजा केल्यास वर्षाची चूक पडू शकते. मारवाडातील वैशाख वद्य पक्ष म्हणजे आपल्याकडील चैत्र वद्य पक्ष. पित्याच्या निधनतिथीविषयी दोन भावांच्या वह्या भांडतात, त्यातले काही भांडण एवढ्यावरच मिटते.

आणि लिपी! मुडिया अक्षरांत काना-मात्रा बहुधा नसतात. 'काकाजी अजमेर गया' हे 'काकाजी आज मर गया' असे वाचले गेल्याची गोष्ट मारवाडी घरांत हसत सांगितली जाते. वंशावळ उतरवून घेणाऱ्याने ती गंभीरपणे घ्यावी. कारण मात्रा नसल्या की मोती आणि माता यांत भेद उरत नाही.

सर्वांत जवळचा, तरीही सर्वांत गोंधळाचा प्रश्न म्हणजे घराणे दक्षिणेत केव्हा आले. पुष्कळ घरांत छप्पनियाचे नाव निघते. संवत १९५६, अर्थात इ. स. १८९९-१९०० चा तो भीषण दुष्काळ. परंतु १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि पुणे व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांत पसरला, तेव्हा रोष गुजराती व मारवाडी सावकारांवर होता आणि त्यांच्याकडील कर्जरोखे जाळण्यात आले. म्हणजे दुकाने छप्पनियाच्या पाव शतक आधी येथे रुजलेली होती. कर्जाचा इतिहास हा वेगळा विषय आहे, आणि शेतकऱ्याची बाजू त्यात दुर्लक्षिता येत नाही. येथे प्रश्न तारखेचा आहे.

मग आजोबांचे सांगणे खोटे का? तसे नव्हे. पहिला पुरुष एकटा येई, नात्यातल्या पेढीवर गुमास्तगिरी करी, लग्नकार्याला देशी परते. बायकामुले मारवाडातच राहत. दुकान मांडल्यावरही घर तिकडेच असे. विहिरी आटल्या, गुरे मेली, तेव्हा उरलेले कुटुंब निघाले. रोख्यावर सही करणारा आणि छप्पनियात मुलाला कडेवर घेऊन आलेली त्याची सून, दोघांचेही येणे खरे. मुलाने सांगितले ते आईचे येणे.