डावें, उजवें आणि जहाजाचें सुकाणू

डावें आणि उजवें यांच्याइतका सोपा भेद दुसरा नसेल, असें आपणांस वाटतें. पानावर जेवावयास बसलेल्या मुलास प्रथम हाच भेद शिकवावा लागतो, आणि एकदां शिकला कीं तो जन्मभर विसरत नाहीं. परंतु हा भेद दिसतो तितका स्थिर नाहीं. तो माणसाच्या तोंडावर अवलंबून असतो. माणूस वळला कीं त्याचें डावें-उजवेंही वळतें. ‘दक्षिण’ या शब्दाचेंच पाहा. पूर्वेकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या पुरुषाचा उजवा हात ज्या बाजूस येतो, ती दक्षिण दिशा. ‘सव्य’ म्हणजे डावें, आणि म्हणूनच डाव्या हातानेंही बाण सोडणारा अर्जुन सव्यसाची ठरला. परंतु संस्कृत कोशांत त्याच शब्दाचा ‘उजवें’ असाही अर्थ नोंदलेला आहे!

घरांत किंवा शेतांत असा घोटाळा झाल्यास फारसें बिघडत नाहीं. जहाजावर मात्र त्याची किंमत प्राणांनीं मोजावी लागते. तेथें कोणी पुढें तोंड करून उभा असतो, कोणी मागें. म्हणून खलाशांनीं माणसाच्या नव्हे, तर जहाजाच्या अंगास नांवें दिलीं. जहाजाच्या पुढल्या टोकाकडे तोंड केलें असतां उजव्या हातास येते ती बाजू ‘स्टारबोर्ड’. या शब्दांत तारा शोधूं नये. त्याचें जुनें इंग्रजी रूप ‘सुकाणूची बाजू’ या अर्थाचें आहे. उत्तर युरोपांत सुकाणू प्रथम मागील टोकाच्या मधोमध नसे. उजव्या बाजूस लावलेल्या मोठ्या वल्ह्यानें जहाज वळवीत. बाराव्या-तेराव्या शतकांत सुकाणू मध्यभागीं आलें, तरी बाजूचें नांव कायम राहिलें.

डाव्या बाजूस माल चढविण्यावरून इंग्रज खलाशी ‘लारबोर्ड’ म्हणूं लागले. वादळांत, वाऱ्याच्या घोंगावण्यांत, शिडावर चढलेल्या माणसास ‘स्टारबोर्ड’ आणि ‘लारबोर्ड’ यांतील फरक कसा ऐकूं यावा? अर्थ परस्परविरुद्ध आणि ध्वनि जवळजवळ एक, अशी ही जोडी होती. डाव्या बाजूसाठीं ‘पोर्ट’ हा शब्दही खलाशांत पूर्वींपासून चालत होता. अखेर १८४४ मध्यें ब्रिटिश आरमारानें ‘लारबोर्ड’ वर्ज्य करून ‘पोर्ट’ हाच शब्द ठरविला; १८४६ मध्यें अमेरिकन आरमारानें तेंच केलें.

ध्वनीचा घोटाळा अशा रीतीनें मिटला, परंतु अर्थाचा त्याहून मोठा घोटाळा तसाच राहिला. सुकाणूस आडवा दांडा असे. दांडा उजवीकडे लोटला म्हणजे सुकाणूचें पातें डावीकडे जाई आणि जहाजही डावीकडे वळे. हुकूम दिला जाई तो दांड्यास उद्देशून. पुढें अठराव्या शतकांत दांड्याच्या जागीं चाक आलें. परंतु हुकूम पूर्वीचाच राहिला. ‘स्टारबोर्ड’ असा पुकारा झाला कीं सुकाण्या चाक डावीकडे फिरवी! वस्तु गेली तरी शब्द मागें उरतो, याचें यापेक्षां विलक्षण उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

१९१२ च्या १४ एप्रिलच्या रात्रीं ‘टायटॅनिक’ जहाजासमोर हिमनग दिसला, तेव्हां अधिकारी मर्डॉक यांनीं दिलेला हुकूम ‘हार्ड-अ-स्टारबोर्ड’ हाच होता. जहाज डावीकडे वळावें, हा त्याचा हेतु. दुसऱ्या दिवशीं पहाटे जहाज बुडालें आणि सुमारें पंधराशें माणसें मृत्युमुखीं पडलीं. २०१० मध्यें त्याच जहाजावरील अधिकारी लाइटोलर यांच्या नातीनें असें प्रसिद्ध केलें कीं, सुकाणूवरील हिचेन्स हुकूम उलट समजला आणि त्यानें प्रथम चाक चुकीच्या बाजूस फिरविलें. ही कथा मनास पटकन् पटते, आणि म्हणूनच ती तपासून पाहिली पाहिजे. त्या काळीं ब्रिटिश व्यापारी जहाजांवर एकच पद्धत रूढ होती. जुन्या आणि नव्या हुकमांची सरमिसळ होण्यास तेथें जागा नव्हती. हुकूम पाळला गेला, अशी साक्ष खुद्द हिचेन्सनें चौकशींत दिली. शिवाय हिमनगाचा घाव बसला तो उजव्या कुशीस. डावीकडे वळूं लागलेल्या जहाजास तो तेथेंच बसावयाचा. जी पद्धत आज आपणांस उफराटी वाटते ती त्या खलाशांच्या हाडींमाशीं खिळलेली होती. आपला गोंधळ त्यांच्या माथीं मारणें हा इतिहास नव्हे.

तरीही ती पद्धत टाकणेंच योग्य होतें. देशोदेशींचीं जहाजें एकाच समुद्रावर वावरूं लागल्यावर एका हुकमाचे दोन अर्थ राहणें धोक्याचें होतें. १९२९ मध्यें लंडन येथें समुद्रावरील सुरक्षिततेसाठीं भरलेल्या परिषदेनें नियम केला, तो असा: जहाज पुढें जात असतां चाक, सुकाणूचें पातें आणि जहाजाचें तोंड हीं तिन्ही उजवीकडे जावयाचीं असतील तरच ‘उजवें’ म्हणावें. ब्रिटिश जहाजांवर ही रीत १९३३ पासून सुरू झाली. कालचा शब्द आज नेमक्या उलट अर्थानें वापरावयाचा, हें सुकाण्यास सोपें नव्हतें. परंतु पुढील पिढ्यांसाठीं तें एकदां करणें अवश्य होतें.

याच जहाजांवर राबणाऱ्या आपल्याकडील लस्करांनीं मात्र आपल्या बोलींत स्टारबोर्डास ‘जमना’ आणि पोर्टास ‘दावा’ म्हटलें. पहिला शब्द गुजरातींतील उजव्या हाताचा, दुसरा आपल्या ‘डाव्या’चा सोयरा. आमचा ‘सुकाणू’ हा शब्दही अरबी खलाशांकडून आलेला आहे. शब्द कोणत्याही किनाऱ्यावरून येवोत; संकटाच्या क्षणीं बोलणाऱ्यानें आणि ऐकणाऱ्यानें त्यांचा एकच अर्थ घ्यावा, एवढेंच समुद्र मागतो.