सुट्या भागांचा मेळ

मोटारीचा जुना सुटा भाग घेण्यासाठीं बाजारांत उभा असलेला गृहस्थ 'हा माझ्या गाडीला लागेल काय?' असें सहज विचारतो. परंतु या प्रश्नाला होकारार्थी उत्तर मिळूं शकतें, ही गोष्टच यंत्रविद्येच्या इतिहासांत बरीच अर्वाचीन आहे. अठराव्या शतकापर्यंत बंदूक घ्या कीं घड्याळ घ्या, त्यांतला प्रत्येक तुकडा कारागीर कानशीनें घासून शेजारच्या तुकड्याशीं जुळवीत असे. एका बंदुकीचा चाप मोडला तर दुसरीचा तिला बसेल, अशी खात्री कोणी देत नसे.

ही अडचण दूर करण्याचा एक संस्मरणीय प्रयत्न फ्रान्समध्यें झाला. 1785 सालीं ऑनोरे ब्लां या बंदूककारानें अमेरिकेचे वकील थॉमस जेफर्सन यांच्यापुढें चापयंत्रांचे सुटे तुकडे ठेविले. जेफर्सन यांनीं हाताला येतील ते तुकडे उचलून चापयंत्रें जोडून पाहिलीं, आणि तीं बिनचूक जुळलीं. पुढें अमेरिकेच्या शस्त्रागारांनीं हीच दिशा धरली व एकोणिसाव्या शतकांत प्रमाणमापांच्या साहाय्यानें ती पद्धति पुष्कळ पुढें नेली. तिच्यांतच हेन्री लीलँड हे यंत्रज्ञ तयार झाले आणि त्यांनीं ती कॅडिलॅक मोटारींच्या कारखान्यांत आणिली.

1908 सालीं इंग्लंडच्या रॉयल ऑटोमोबाइल क्लबनें या मोटारींची कसून परीक्षा घेतली. लंडनमधील विक्रेत्याच्या साठ्यांतून तीन गाड्या निवडून ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या मैदानावर नेल्या व तेथें त्या पार खोलून टाकल्या. एकेका गाडीचे 721 भाग. तिहींचे मिळून 2163 भाग एकत्र मिसळले. त्यांतील 89 भाग परीक्षकांनीं बाजूला काढले व त्यांच्या जागीं विक्रेत्याकडचे सुटे भाग दिले. मग साध्या हत्यारांनीं तिन्ही गाड्या पुन्हा उभ्या करण्यांत आल्या. सरमिसळीमुळें त्यांचे रंग गोधडीसारखे दिसत होते. तरी त्या 500 मैल धांवल्या आणि कारखान्यास ड्युअर करंडक मिळाला.

तथापि एका कारखान्यांतील हें साम्य दुसऱ्याच्या मालास आपोआप लागू पडत नाहीं. आट्यांचेंच उदाहरण घेतां येईल. जोसेफ व्हिटवर्थ यांनीं 1841 सालीं इंग्लंडांत 55 अंशांचे आटे सुचविले. विल्यम सेलर्स यांनीं 1864 सालीं अमेरिकेंत 60 अंशांचे. अर्ध्या इंचाच्या बोल्टावर पहिल्या पद्धतींत इंचास 12 आटे, दुसरींत 13. त्यामुळें नट अडतो आणि चूक लगेच उमगते. पाऊण इंचाच्या बोल्टावर मात्र दोहोंकडे 10 आटे असल्यामुळें नट चढूं शकतो, परंतु कोन निराळा असल्यानें आट्याला आटा पुरता टेकत नाहीं. मुळींच न बसणारा भाग फार तर पैसे बुडवितो. बसूनही न जुळणारा भाग जिवावर बेतूं शकतो. ब्रिटन, अमेरिका व कॅनडा यांनीं समान आटे मान्य केले ते 1948 सालीं.

गाडीचे धक्के झेलणाऱ्या भागांत तर हा धोका फार. पाट्यांची संख्या व जाडी डोळ्यांनीं तरी मोजतां येते. वळ्यांच्या स्प्रिंगेनें नजर सहज फसते. तिचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणांत वाढतो. 12 मिलिमीटरऐवजीं 13 मिलिमीटरची तार असली, तर बाकी सर्व मापें सारखीं असूनही स्प्रिंग सुमारें 38 टक्क्यांनीं अधिक ताठ होते. अशी एकच स्प्रिंग एका बाजूस बसली, तर गाडी एकीकडे कलते आणि वळणावर चालकाचा अंदाज चुकवूं शकते.

मुंबईच्या रस्त्यांनीं पाहिलेल्या दोन गाड्या घ्याव्या. फियाट 1100 वरून घडलेल्या पद्मिनीस पुढें वळ्यांच्या स्प्रिंगा होत्या. मॉरिस ऑक्सफर्डवरून घडलेल्या अँबॅसडरला मूळ रचनेंत पुढें पीळ सोसणारे पोलादी दांडे होते. असा दांडा बहुधा एकाच दिशेचा पीळ सोसण्यासाठीं तयार केलेला असल्यानें डावीकडचा उजवीकडेही चालत नाहीं. मग दुसऱ्या गाडीचा कोठून चालणार? 1950 सालीं फोर्ड कॉन्सल गाडींत मॅकफर्सन यांची रचना आली. तींत स्प्रिंग, शॉक अॅब्सॉर्बर आणि चाकाचा आधार हीं एकाच खांबांत गुंफलीं गेलीं, आणि एक भाग बदलतांना तिघांचा मेळ पाहणें भाग पडलें.

म्हणून गाडीचें नुसतें नांव सांगून भागत नाहीं. भागावरील क्रमांक, गाडीचें वर्ष, इंजिनाचा प्रकार, डावी-उजवी बाजू, तारेची जाडी व वळ्यांची संख्या हीं सर्व आपल्या गाडीच्या मूळ भागाशीं ताडून पाहावीं. स्प्रिंगा व शॉक अॅब्सॉर्बर जोडीनेंच घ्यावे. एवढें जुळल्यावरही पोलादास तडा गेला आहे काय, रबर कडक झालें आहे काय, तेल गळतें आहे काय, हें पाहावयाचें राहतेंच. ब्रुकलँड्सवर मिसळलेले भाग नवे होते. बाजारांतला जुना भाग आपल्या आयुष्याचा कांहीं काळ दुसऱ्या गाडीखालीं कंठून आलेला असतो, आणि तो काळ किती, हें त्याच्या क्रमांकांत लिहिलेलें नसतें.