पिशवींतलें गणित

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’चें नांव आपल्यापैकीं पुष्कळांनीं ऐकलें असेल. इ. स. ११५० मधील त्या ग्रंथांत ‘अंकपाश’ नांवाचें एक प्रकरण आहे. २, २, १, १ ह्या अंकांच्या किती निरनिराळ्या संख्या होतील, असा तेथें प्रश्न आहे. वर्गांत मीं तो घातला कीं बहुतेक मुलें ‘चोवीस’ म्हणून मोकळीं होत. पण दोनाचा अंक दोनदां आहे, एकाचाहि दोनदां; त्यांची आपसांत अदलाबदल केली तरी संख्या तीच राहते. म्हणून २४ ला दोहोंनीं दोनदां भागावें. उत्तर ६. अंक कोणता एवढेंच नव्हे, तर तो कितीदां आहे, हेंहि आचार्यांनीं हिशेबांत धरलें.

एकोणिसाव्या शतकांत जर्मनींत गेऑर्ग कँटर यांनीं संचांची उपपत्ति उभारली, तींत हें ‘कितीदां’ गळालें. वस्तु संचांत आहे किंवा नाहीं, एवढेंच. ती पुन्हां घातल्यानें संच वाढत नाहीं. रिखार्ड डेडेकिंड यांनीं १८८८ सालच्या पुस्तिकेंत एकच घटक अनेकदां मोजण्याची कल्पना सुचविली होती. तिला ‘मल्टिसेट’ हें नांव मात्र फार उशिरां मिळालें. निकोलास द ब्रॉयन यांनीं तें सुचविलें व डोनाल्ड क्नुथ यांनीं संगणनावरील आपल्या ग्रंथांत घेतलें. आपण बहुसंच म्हणूं.

संगणकाला आज्ञा लिहिण्यापूर्वीं काय साधावयाचें तें गणिताच्या भाषेंत निःसंदिग्ध लिहून ठेवावें, ह्या हेतूनें ऑक्सफर्ड येथें ‘झेड’ नांवाची संकेतपद्धति वाढली. तींत बहुसंचाला ‘बॅग’, म्हणजे पिशवी, म्हणतात. कोठारांत तांदळाचीं तीन पोतीं असलीं, तर पिशवींत तांदळाच्या नांवें ३.

गोम आहे ती वजाबाकींत. तिनांतून पांच काढावयास सांगितलें, तर पिशवींत शून्य उरतें. तुटीचीं दोन पोतीं कोठेंच नोंदलीं जात नाहींत. मागाहून पांच पोतीं आलीं कीं वहींत पांच दिसतात, वास्तविक तीन दिसावयास हवींत! असा मुनीम कोणत्या पेढीवर टिकेल? वेन ब्लिझार्ड यांनीं १९८९ मध्यें बहुसंचांची स्वतंत्र उपपत्ति मांडली, आणि १९९० मध्यें ऋण गणतीचाहि विचार केला. आपल्याकडे ऋण ह्या शब्दाचा अर्थच मुळीं कर्ज. तेव्हां उणे दोन पोतीं म्हणजे दोन पोत्यांचें देणें, हें आपल्याला समजावून सांगावयास नको. पांच आलीं कीं देणें फिटून तीन उरतात.

मात्र ही सोय फुकट मिळत नाहीं. जुनी पिशवी शून्याखालीं जातच नसे. नवी जाते, म्हणून जेथें उधारी चालत नाहीं, अशा कोठाराचें वर्णन लिहितांना ‘गणती ऋण होऊं नये’ ही अट लिहिणाऱ्यानें प्रत्येक मालासाठीं स्वतः घालावी लागते.