बऱ्हाणपुरी भागळ: सुरतेच्या लग्नात आलेल्या खानदेशी पाहुण्यासाठी

१/ लग्नसराई आली की भुसावळ-सुरत मार्गावरच्या गाड्या वऱ्हाडाने भरून जातात. धुळे-साक्रीकडची मंडळी कोंडाईबारी घाट उतरून नवापूरमार्गे येतात. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या वस्त्यांतल्या मांडवांत अहिराणी ऐकू येते आणि पंगतीत वरण-बट्टी वाढली जाते. हळद आणि अक्षता यांच्यामधला मोकळा वेळ पाहुण्याने जुन्या सुरतेत घालवला, तर तेथे त्याला खानदेशचाच इतिहास भेटतो.

२/ जुन्या शहरातल्या एका मोहल्ल्याचे नाव आहे बऱ्हाणपुरी भागळ. भागळ म्हणजे वेस. रस्ता ज्या गावाकडे जातो त्याचे नाव दरवाजाला देण्याची रीत आपल्याकडेही आहे. छत्रपती संभाजीनगरचे दिल्ली दरवाजा आणि पैठण दरवाजा प्रसिद्धच आहेत. सुरतेच्या या वेशीतून बऱ्हाणपूरचा रस्ता निघे. त्या रस्त्याचा मोठा भाग खानदेशातून जात असे.

३/ हा रस्ता तापीच्या खोऱ्याने आखून दिला होता. मुलताईजवळ उगम पावणारी तापी सुमारे ७२४ किलोमीटर पश्चिमेकडे वाहत जाऊन सुरतेपाशी समुद्राला मिळते. तिच्या वरच्या अंगाला फारुकी सुलतानांची राजधानी बऱ्हाणपूर, तर मुखाशी सुरत बंदर. अकबराने १५७३ मध्ये सुरत घेतली आणि १६०१ मध्ये असीरगड पडल्यावर खानदेशही घेतला. त्यामुळे रस्त्याची दोन्ही टोके एकाच सत्तेखाली आली.

४/ इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ मध्ये सुरतेहून बऱ्हाणपूरला गेला. पुढे फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निए याने याच मार्गाचे मुक्काम लिहून ठेवले. नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर ही नावे त्याच्या यादीत ओळखू येतात. नवापूरच्या तांदळाला कस्तुरीसारखा सुवास असतो, असेही त्याने नोंदवले. आज लग्नपत्रिकांवर दिसणारी ही गावे साडेतीनशे वर्षांपूर्वी युरोपच्या वाचकांपर्यंत पोहोचली होती.

५/ या वाटेने मुख्यतः कापड जाई. बऱ्हाणपूरचे तलम कापड इराण-तुर्कस्तानापर्यंत विकले जाई. धरणगावही कापडासाठी नावाजलेले होते. १६७४ मध्ये इंग्रजांनी तेथे वखार घातली. सुरतेच्या बंदराचे वैभव सांगताना जहाजांचे वर्णन पुष्कळ होते. परंतु त्या जहाजांत चढणाऱ्या मालाचा एक भाग खानदेशच्या मागांवरून आणि शेतांतून येत होता.

६/ पाहुण्याने प्रथम तापीकाठचा किल्ला पाहावा. पोर्तुगिजांच्या स्वाऱ्यांना आवर घालण्यासाठी खुदावंद खानाने तो १५४० च्या दशकात बांधला. तेथून जवळच मुघल सराई आहे. शाहजहानच्या काळात, १६४४ मध्ये, हकीकत खानाने ती बांधवली. मक्केला निघालेले यात्रेकरू जहाजाची वाट पाहत तेथे उतरत. परक्या पाहुण्यांसाठी उभारलेल्या या वास्तूत आज सुरत महानगरपालिकेचे मुख्यालय आहे.

७/ सुरतेतील लग्न पाहणाऱ्या पाहुण्यांत एक नाव विशेष आहे. फ्रेंच प्रवासी तेवनो १६६६ मध्ये तेथे आला. त्याच्या मुक्कामात शहराच्या सुभेदाराच्या मुलीचे लग्न झाले आणि त्याने ते आपल्या प्रवासवर्णनात नोंदवले. शहराच्या दरवाजांची नोंदही त्यानेच केली. त्यांपैकी एक बऱ्हाणपूरच्या वाटेचा होता.

८/ तेवनो आला तेव्हा शहर दोन वर्षांपूर्वीच्या घावातून सावरत होते. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर पहिली स्वारी केली. दुसरी ऑक्टोबर १६७० मध्ये. पहिल्या स्वारीनंतर मातीच्या जुन्या तटाच्या जागी विटांचा पक्का तट उभा राहू लागला. या स्वाऱ्यांची झळ रस्त्याच्या दुसऱ्या बाजूलाही लागली. धरणगावची इंग्रज वखार १६७५ मध्ये मराठ्यांनी लुटली. बंदर आणि त्याला माल पुरवणारा मुलूख यांचे भवितव्य एकत्र बांधलेले होते.

९/ पुढे मुंबईचा उदय झाला. १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे खानदेशात पोहोचली आणि जळगावचा कापूस सुरतेऐवजी मुंबईकडे वळला. तापीकाठची जुनी वाट ओस पडली. विसाव्या शतकाच्या तोंडावर तापी व्हॅली रेल्वेने सुरत आणि अमळनेर जोडले, तेव्हा तुटलेला धागा पुन्हा जुळला. आजच्या वऱ्हाडाची गाडी याच लोहमार्गाने जाते.

१०/ या वेळी मात्र मालाची जागा माणसांनी घेतली. जळगाव, धुळे, अमळनेरच्या कापडगिरण्यांची धडधड मंदावत गेली, कोरडवाहू शेती पावसाच्या भरवशावर राहिली आणि सुरतेत यंत्रमाग वाढत गेले. एका गावचा माणूस गेला की भाऊबंद त्याच्या मागे जात. सतराव्या शतकात खानदेश कापड पाठवत होता. विसाव्या शतकात त्याने कापड विणणारे हात पाठवले.

११/ नव्या वस्त्या जुन्या तटापलीकडे, शहराच्या दक्षिण-पूर्वेला वाढल्या. श्रावणात तेथे कानबाईची मिरवणूक निघते. मराठी शाळाही निघाल्या. १९९४ च्या सप्टेंबरमध्ये प्लेगच्या भयाने लाखो लोकांनी सुरत सोडली, तेव्हा खानदेशच्या गाड्याही खचाखच भरल्या. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा मोठा भाग बुडाला. पाणी खानदेशातून वाहत आलेल्या तापीचेच होते.

१२/ आता ही वस्ती केवळ मजुरांची राहिलेली नाही. नवसारी लोकसभा मतदारसंघात सुरतेचा मोठा भाग येतो. तेथून २००९ पासून निवडून येणारे सी. आर. पाटील यांचा जन्म जळगाव जिल्ह्यातला. तरीही शहराचा इतिहास सांगताना खानदेशी माणूस बहुधा शेवटच्या प्रकरणात, 'बाहेरून आलेला' म्हणून येतो.

१३/ बऱ्हाणपुरी भागळ हे नाव त्या समजुतीला उत्तर देते. ज्या शहराने आपल्या वेशीलाच पूर्वेकडच्या वाटेचे नाव दिले, त्याला त्या वाटेने येणारा माणूस अनोळखी कसा? गोपीपुरा, नानपुरा, बेगमपुरा या नावांत जुन्या सुरतेच्या खुणा सापडतात. लिंबायत-डिंडोलीच्या मागांवर उभ्या राहिलेल्या पिढीची गोष्ट मात्र अजून लिहिली जायची आहे.

१४/ ती लिहिण्याची सामग्री मांडवातच बसलेली असते. सुरतेत पहिल्यांदा कोण आले, कोणत्या साली, कोणाच्या खोलीत उतरले, पहिला माग कोठे चालवला, हे सांगू शकणारे आजोबा-आजी पंगतीत शेजारीच असतात. या लग्नसराईत सुरतेला जाणाऱ्या तरुण पाहुण्याने एक वही सोबत न्यावी आणि जेवणे उरकल्यावर त्यांना विचारावे. ते सांगतील ते त्यांच्याच अहिराणीत उतरवून घ्यावे.