खाजणाचा बांध

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागांच्या खडखडाटात समुद्र आठवण्याचे कारण नाही. तरीही याच जिल्ह्यात हत्तरसंग-कुडल येथे सीना भीमेला मिळते. पुढे भीमा कृष्णेला आणि कृष्णा आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागराला. आपल्या ओढ्याच्या शेवटी कोणाची तरी खाडी असते, हे आपण विसरतो. ज्यांना ते विसरणे परवडणारे नव्हते, अशा एका ग्रामसंस्थेची ही हकिकत.

गोव्यात मांडवी, झुवारी या नद्यांच्या खाड्यांलगत खाऱ्या, सखल जमिनी आहेत. त्यांना खाजण म्हणतात. पोर्तुगीज येण्यापूर्वीच तेथील गांवकऱ्यांनी चिखल, पेंढा व जांभा दगड यांचे बांध घालून त्या लागवडीखाली आणल्या. बांधात ‘मानस’ असे, म्हणजे लाकडी झडपांचे दार. भरतीच्या दाबाने ते आपोआप मिटे, ओहोटीला उघडे. आत कोरगुट हे खारेपण सोसणारे भात पिके. बाहेरची खारफुटी लाटांचा मारा झेली. मानशीवरील मासेमारीचा लिलाव होई आणि बांधांची दुरुस्ती ही साऱ्या गावाची जबाबदारी मानली जाई. गांवकरीचे रिवाज अफोंसो मेशिया याने १६ सप्टेंबर १५२६ च्या सनदेत नोंदवून ठेवले.

या संस्थेचे गोडवेच गाणे मात्र प्रामाणिकपणाचे होणार नाही. गांवकरीचा वाटा ठरावीक घराण्यांच्या पुरुषांपुरता होता. चिखलात राबणारे कूळ त्याबाहेर. १९६४ चा कूळ कायदा आणि त्याची १९७६ ची दुरुस्ती यांनी कसणाऱ्यास जमीन दिली, हा न्यायच झाला. परंतु बांधांची जबाबदारी ज्या कूळसंघांकडे आली, त्यांतील कित्येक दुबळे ठरले. कोठे मासळीच्या लोभाने भरतीचे पाणी आत घेतले गेले, कोठे बांध फुटले, आणि बाहेर शोभणारी खारफुटी भाताच्या वाफ्यांत उगवली.

२०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेने खाजणांना संरक्षण दिले. पण वाचकहो, अधिसूचना बांधावर मातीची पाटी टाकीत नाही. जमिनीचा हक्क वाटून घेता येतो. भरती मात्र सर्वांवर एकदमच येते. म्हणून बांधाचे ओझे वाटून न घेणाऱ्या गावाला हक्काची जमीनही फार काळ राखता येत नाही. आपल्या ओढ्याच्या काठी उभे राहून आपणही हे ध्यानी धरावे.