नडगी मोडल्यावर पोटरी दगडासारखी झाली तर सकाळची वाट पाहू नका

दुचाकी घसरली, नडगीचं हाड मोडलं, प्लास्टर झालं. रात्री मात्र रुग्ण विव्हळतोय, इंजेक्शन देऊनही कळ थांबत नाही. घरचे म्हणतात, 'हाड मोडलंय, दुखणारच.' घात होतो तो इथंच.

गुडघ्याखाली स्नायूंचे चार कप्पे असतात. त्यांच्यावरचं चिवट आवरण फारसं ताणलं जात नाही. आत रक्त साचलं किंवा सूज वाढली की दाब चढतो, बारीक रक्तवाहिन्या दबतात, स्नायू आणि नसा गुदमरतात. हाच अ‍ॅक्यूट कम्पार्टमेंट सिंड्रोम.

माराच्या मानाने फारच जास्त दुखणं ही पहिली खूण. दुसऱ्याने पायाची बोटं हळूच वरखाली केली तरी पोटरीत जीवघेणी कळ येते, बोटांत मुंग्या येतात. पावलाची नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नये. ती बऱ्याचदा उशिरापर्यंत लागते.

दवाखान्यात आधी प्लास्टर आतल्या कापसासकट कापून पाय मोकळा करतात. पाय उशीवर उंच न ठेवता हृदयाच्या पातळीत ठेवायचा. एरवीच्या सुजेचा सल्ला इथं उलटा पडतो. तेल चोळणं, कामट्या घट्ट बांधणं तर नकोच. शंका असल्यास सुईने दाब मोजतात. रक्तदाबाचा खालचा आकडा आणि कप्प्यातला दाब यांत ३० पेक्षा कमी फरक उरला, तर फॅशिओटॉमी, म्हणजे आवरण उभं चिरून कप्पे मोकळे करणं. जखम लगेच शिवत नाहीत. सूज उतरल्यावर टाके किंवा त्वचारोपण.

हे साधारण ६ तासांच्या आत व्हावं लागतं. उशीर झाला की स्नायू मरतात, लघवी चहाच्या रंगाची होते आणि मूत्रपिंडांवरही बेततं.