हरवलेल्या हार्ड डिस्कचा इतिहास

दापोली तालुक्यात लाडघर आणि कोळथरे यांच्या दरम्यानच्या किनाऱ्यावर वसलेल्या बुरोंडीसारख्या गावात संगणक येऊन आता बराच काळ लोटला आहे. खारी हवा, पावसाळ्याचा दमटपणा आणि वरचेवर जाणारी वीज यांनी जेरीस आणलेले एखादे मशीन नव्याने विंडोज टाकण्यासाठी जेव्हा दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर चढते आणि पडद्यावर हार्ड डिस्क सापडत नसल्याची ओळ उमटते, तेव्हा मालकाच्या पोटात गोळा येतो. कारण बागेचे हिशेब, मुलांचे दाखले, घरातल्या लग्नाची छायाचित्रे, सारे त्याच डिस्कवर असते. या एका ओळीला चाळीस वर्षांचा इतिहास आहे. डिस्क निकामी झाल्याचे प्रसंग त्यात आहेत खरे. परंतु डिस्क शाबूत असून यंत्राशी असलेली तिची ओळख तेवढी तुटली, असे प्रसंगही थोडेथोडके नाहीत.

आयबीएमने 1981 साली काढलेल्या पहिल्या पीसीत हार्ड डिस्क नव्हतीच. 1983च्या एक्सटी मॉडेलात ती आली, अवघी दहा मेगाबाइटची; आणि 1984च्या एटीपासून अशी वहिवाट पडली, की डिस्कचे सिलिंडर, हेड व सेक्टर किती हा तपशील बायोसमधल्या, म्हणजे यंत्र सुरू होताच चालणाऱ्या मूळ आज्ञावलीतल्या, ठरावीक यादीतून क्रमांक निवडून माणसाने स्वहस्ते नोंदवावा, आणि ती नोंद एका लहानशा सेलच्या बळावर सीमॉस नामक स्मृतीत टिकावी. सेल उतरला की नोंद पुसली जाई, आणि नोंद पुसली की डिस्क बेपत्ता होई. पेशवे दप्तरातला रुमाल फडताळात सुखरूप असावा आणि यादीतून मात्र त्याचे नाव गळावे, तशीच ही गत. गणपती आणि शिमग्यालाच ज्यांची कुलपे निघतात अशा कोकणातल्या घरांतून हा सेल आजही दगा देतो. घड्याळ भलतीच तारीख दाखवू लागते, बायोसची मांडणी मूळपदावर जाते, आणि काल चालणारी डिस्क आज ओळख देत नाही.

1986च्या सुमारास वेस्टर्न डिजिटल आणि कॉम्पॅक यांच्या खटपटीतून आयडीई पद्धत प्रचारात आली. चपट्या केबलवर दोन डिस्क बसू लागल्या, आणि त्यांतली मास्टर कोणती व स्लेव्ह कोणती याचा निवाडा डिस्कच्या मागील बाजूस बसवायच्या, चिमटीतून सहज निसटणाऱ्या जंपरवर सोपवला गेला. दोन्ही डिस्क मास्टर ठेवल्या, तर पुष्कळदा एकही दिसत नसे. केबलची लाल कड पहिल्या पिनेकडे न आली, तरीही तोच प्रकार. त्यातच बायोस 1024 सिलिंडरांपलीकडे मोजीना आणि आयडीई 16 हेडांपलीकडे जाईना; दोघांच्या मर्यादांतली जी लहान तीच लागू व्हायची, त्यामुळे 504 मेगाबाइटांपलीकडची जागा विकत घेऊनही अदृश्य राहत असे.

2001 साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली, त्याच्या एमएस-सीआयटी या संगणक-साक्षरतेच्या वर्गांनी पुढे संगणक तालुक्यातालुक्यांत पोहोचवला; 2001 सालीच विंडोज एक्सपीही बाजारात आली. दोनच वर्षांनी साटा पद्धतीच्या डिस्क निघाल्या; त्या एएचसीआय रीतीने जोडल्या असता एक्सपीच्या सीडीला त्यांची भाषा उमगत नसे. आरंभीच एफ-6 कळ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यावा, असा रिवाज होता. पण नव्या लॅपटॉपला फ्लॉपी कुठली? तेव्हा दुरुस्तीवाल्यांनी बायोसमध्ये जाऊन एएचसीआयच्या जागी आयडीई करण्याचा मार्ग धरला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या बाजारपेठेपर्यंत हे ज्ञान तोंडोतोंडीच फिरले. माझ्या मते ही या धंद्याची खरी विद्या होय, आणि तिची लेखी नोंद फारशी कोणी ठेवली नाही, याचे वाईट वाटते.

किनाऱ्यावर आणखी एक विद्या लागते. जुन्या डिस्कच्या पोटाखालचे हिरवे सर्किट चार-पाच स्क्रू काढून उलटे केले, की ज्या ठिपक्यांवर आतल्या यंत्रणेच्या स्प्रिंगा टेकतात ते ठिपके काळे पडलेले आढळतात. पेन्सिलीच्या खोडरबराने ते हलक्या हाताने चकचकीत होईतो पुसले, तर मृत ठरवलेली डिस्क कधीकधी पुन्हा फिरू लागते.

व्हिस्टापासून, म्हणजे 2007पासून, एएचसीआयचा तंटा मिटला. पुढे 2011 साली एनव्हीएमई या नव्या जोडणीचे मानक आले आणि विंडोज 7ला त्या डिस्क अनोळखी ठरल्या. 2020नंतरच्या इंटेलच्या अनेक लॅपटॉपांत व्हीएमडी नावाची डिस्क-व्यवस्था चालू असल्यामुळे विंडोजच्या पडद्यावर डिस्कची यादी रिकामीच येते, आणि पेनड्राइव्हवरून ड्रायव्हर दिला की ती भरते.

म्हणून बुरोंडीकरांना आणि किनाऱ्यावरच्या सर्वच वाचकांना आग्रहाची विनंती आहे, की मशीन फॉरमॅटला देताना डिस्क बायोसमध्ये दिसते काय, एवढे आधी विचारावे. तेथे दिसत असून विंडोजला दिसत नसेल, तर प्रथम संशय ड्रायव्हरवर किंवा मांडणीवर घ्यावा. तेथेही दिसत नसेल, तर केबल, ठिपके आणि मग डिस्क या क्रमाने तपास व्हावा. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर मात्र मशीन तत्काळ बंद करावे आणि ते पुनःपुन्हा चालू करून पाहू नये. डिस्क सापडल्यावर आधी आतल्या कागदपत्रांची नक्कल दुसरीकडे उतरवून घ्यावी, आणि मगच विंडोज टाकण्यास संमती द्यावी.